जीनोमिक्स-प्रोटिओमिक्सच्या सामायिक लॅब म्हणजे काय? सोलापूरचा नमुना मोठ्या मशीनपर्यंत कसा पोचतो?

गेल्या दिवाळीत मी पुण्याहून घरी सोलापूरला आले होते. माझी मावसबहीण डॉक्टर आहे, पॅथॉलॉजीमध्ये एमडी करतेय. सात रस्त्यावर चहा घेताना ताईने पर्समधून एक हार्ड डिस्क काढली आणि म्हणाली, "तू सॉफ्टवेअरवाली ना? मग ही फाइल उघडून दे. माझा लॅपटॉप हँग होतोय."

डिस्कवर सुमारे ९० जीबी डेटा होता. तोंडाच्या कॅन्सरच्या ९ रुग्णांचे १८ नमुने, म्हणजे प्रत्येकाच्या गाठीचा एक तुकडा आणि शेजारच्या निरोगी भागाचा एक. खरं तर १२ रुग्णांचे २४ नमुने असायला हवे होते. उरलेले सहा का नाहीत ते मला माहीत होतं, कारण त्या चुकीत माझाही हात होता. ते पुढे सांगते.

हा डेटा ज्या मशीनवर तयार झाला ते ताईच्या कॉलेजचं नव्हतं. कोट्यवधींचं ते मशीन दुसऱ्या संस्थेचं, आणि आमच्यासारखे अनेक जण फी भरून ते वापरतात. अशा सामायिक लॅबना 'कोअर फॅसिलिटी' म्हणतात. त्या कशा चालतात, आत काय होतं आणि छोट्या शहरातल्या संशोधकाला त्यांचा फायदा कसा घेता येतो, ते आज पाहू.

जीनोमिक्स आणि प्रोटिओमिक्समध्ये फरक काय?

सोलापूरची चादर डोळ्यांसमोर आणा. जेकार्ड मागावर नक्षी विणायची तर आधी ती भोकं पाडलेल्या कार्डांवर उतरवतात. भोक आहे की नाही त्यावरून कोणता धागा उचलायचा ते मागाला कळतं. आता कपाटात शेकडो नक्ष्यांची कार्डं आहेत, पण आज मागावर त्यातली थोडीच चढवली आहेत, असं समजा.

- डीएनए म्हणजे कपाटातली सगळी कार्डं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच संच असतो. ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला हा मजकूर सुमारे ३१० कोटी अक्षरांचा आहे. तो पूर्ण वाचून अभ्यासणं म्हणजे जीनोमिक्स.
- आरएनए म्हणजे आज मागावर चढवलेल्या कार्डांच्या नकला. कोणतं जनुक सध्या चालू आहे ते यावरून कळतं. ताईचा डेटा याच प्रकारचा होता.
- प्रथिनं म्हणजे विणून निघालेलं कापड. शरीरातलं बहुतेक काम प्रथिनंच करतात आणि बहुतेक औषधंही प्रथिनांवरच काम करतात. एखाद्या नमुन्यातली शक्य तितकी प्रथिनं एकत्र ओळखणं आणि मोजणं म्हणजे प्रोटिओमिक्स. यातला 'प्रोटिओम' हा शब्द मार्क विल्किन्स यांनी १९९४ मध्ये वापरात आणला.

अळी आणि तिचंच फुलपाखरू यांचा डीएनए एकच असतो, प्रथिनं मात्र खूप वेगळी. म्हणून संशोधकाला बऱ्याचदा दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

मशीन सामायिक का असतं?

पहिलं कारण पैसा. मोठ्या सिक्वेन्सरची किंवा चांगल्या मास स्पेक्ट्रोमीटरची किंमत कोटींच्या घरात जाते. त्यावर दरवर्षीचा देखभाल करार, एसी, अखंड वीज, रसायनं आणि ते चालवणारी प्रशिक्षित माणसं. एका डॉक्टरला वर्षातून दोनदा लागणाऱ्या मशीनसाठी एवढा खर्च कुठलंच कॉलेज करणार नाही.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. सात रस्त्यावरची शेअर रिक्षा सीट भरल्याशिवाय हलत नाही, कारण एक प्रवासी नेला काय आणि चार नेले काय, पेट्रोल जवळपास तेवढंच. सिक्वेन्सरचं गणित तसंच आहे. 'फ्लो सेल' नावाच्या काचेच्या पट्टीवर नमुने चढवतात. ती एकदा वापरली की संपली, मग तिच्यावर दोन नमुने असोत की दोनशे. म्हणून लॅब वेगवेगळ्या संशोधकांचे नमुने एकाच फेरीत बसवते. प्रत्येकाच्या डीएनएला आधी छोटासा अक्षरांचा बारकोड जोडतात. सगळे तुकडे एकत्र वाचले जातात आणि शेवटी सॉफ्टवेअर बारकोड पाहून ज्याचे त्याला वेगळे करून देतं.

म्हणूनच 'निकाल कधी मिळेल?' याचं उत्तर 'फेरी भरली की' असंही असू शकतं. फीसुद्धा सगळ्यांना सारखी नसते. साधारणपणे संस्थेच्या आतल्या लोकांना कमी, बाहेरच्या कॉलेज-विद्यापीठांना त्याहून जास्त आणि कंपन्यांना सगळ्यात जास्त.

ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. आयआयटी मुंबईत १९७६ मध्ये अशी सामायिक उपकरण सुविधा सुरू झाली. आज ती 'सैफ' या नावाने ओळखली जाते.

सिक्वेन्सर वाचतो कसा?

सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या इल्युमिना पद्धतीत डीएनएचे छोटे तुकडे करतात आणि ते फ्लो सेलवर चिकटवून प्रत्येकाच्या असंख्य नकला तिथल्या तिथे बनवतात. मग प्रत्येक तुकड्यावर एकेक जोडीदार अक्षर बसवत जातात. हे अक्षर चमकणारं असतं. कॅमेरा फोटो काढतो, चमक पाहून अक्षर ओळखलं जातं, मग पुढचं अक्षर. असे साधारण १५० अक्षरांचे कोट्यवधी तुकडे, म्हणजे 'रीड', तयार होतात. एखादं पुस्तक फाडून चिंध्या केल्या आणि छापील प्रतीशी ताडून त्या पुन्हा जागेवर लावल्या, तसं पुढचं काम कॉम्प्युटर करतो.

चूक टाळण्यासाठी प्रत्येक जागा अनेकदा वाचतात. '३० एक्स' म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी ३० वेळा वाचलं गेलं.

दुसरी पद्धत नॅनोपोअर. इथे डीएनएचा धागा अतिसूक्ष्म छिद्रातून ओढला जातो आणि विजेच्या प्रवाहात होणाऱ्या बदलावरून अक्षरं ओळखली जातात. ऑक्सफर्ड नॅनोपोअर कंपनीचं मिनआयन हे मशीन खिशात मावतं आणि यूएसबीने लॅपटॉपला जोडता येतं! पण मशीन छोटं झालं म्हणून नमुना तयार करायची मेहनत कमी होत नाही.

मास स्पेक्ट्रोमीटर काय करतो?

प्रथिनांसाठी कॅमेरा नाही, तराजू लागतो. आधी ट्रिप्सिन नावाच्या एन्झाइमने प्रथिनांचे ठरावीक जागी तुकडे करतात. (हेच एन्झाइम आपल्या पचनातही काम करतं.) हे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, एका बारीक नळीतून हळूहळू वेगळे होत बाहेर येतात. टोकाला उच्च दाबाची वीज लावून त्यांचा फवारा उडवतात. त्यामुळे त्यांच्यावर विद्युतभार येतो आणि मशीन त्यांचं वस्तुमान मोजतं. मग तोच तुकडा आणखी फोडून त्याच्या कणांचंही वजन करतं. हे आकडे डेटाबेसशी जुळवून 'हा तुकडा अमुक प्रथिनाचा' असं ठरतं. मोठे रेणू असे भारित करून तोलता येतात हे दाखवणाऱ्या जॉन फेन आणि कोइची तानाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

इथे दोन अडचणी नेहमी येतात. एक, रक्तद्रवातल्या प्रथिनांमध्ये निम्म्याहून जास्त वाटा एकट्या अल्ब्युमिनचा असतो. ज्या दुर्मीळ प्रथिनात आजाराची खूण असू शकते, ते त्याच्यापेक्षा अब्जावधी पटींनी कमी असतं. म्हणून बऱ्याचदा आधी अल्ब्युमिनसारखी प्रथिनं बाजूला काढावी लागतात. दोन, केराटिन. आपल्या त्वचेत आणि केसांत हे प्रथिन असतं. हातमोजे नीट घातले नाहीत तर निकालात रुग्णाऐवजी तुम्हीच दिसता! लोकरीचा स्वेटर घालून नमुना हाताळला तर मेंढीचं केराटिनही सापडतं.

आपल्या जवळ कुठे सोय आहे?

सोलापूर एका बाबतीत नशीबवान आहे. पुणे-हैदराबाद महामार्गावर ते जवळपास मध्यावर पडतं. पुणे सुमारे २५० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३००.

- पुणे: राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र (एनसीसीएस), आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल).
- मुंबई-नवी मुंबई: आयआयटी मुंबईची मास स्पेक्ट्रोमेट्री सुविधा आणि खारघरमधलं टाटा मेमोरियल सेंटरचं कॅन्सर संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक.
- हैदराबाद: सीसीएमबी.
- बेंगळुरू: सी-कॅम्प. २००९ मध्ये सुरू झालेली ही संस्था संशोधक आणि स्टार्टअपना अशा सेवा देते.

बाहेरच्यांसाठी काय खुलं आहे, दर काय आणि नमुना कसा हवा ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, त्यामुळे आधी विचारा. देशभरातली उपकरणं एका जागी शोधण्यासाठी केंद्र सरकारचं आय-स्टेम पोर्टल आहे. जानेवारी २०२० मध्ये ते सुरू झालं. रेल्वेचं तिकीट शोधतो तसं मशीनचं नाव टाकायचं, कोणत्या संस्थेत आहे ते पाहायचं आणि वेळ मागायची.

या लॅबमुळे प्रत्यक्षात काय झालं?

कोविड आठवा. डिसेंबर २०२० मध्ये विषाणूचा जीनोम वाचण्यासाठी देशातल्या १० प्रयोगशाळांचं 'इन्साकॉग' हे जाळं उभं राहिलं. त्यात पुण्याच्या दोन होत्या, एनआयव्ही आणि एनसीसीएस. २४ मार्च २०२१ रोजी आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं, की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन विशिष्ट बदल असलेल्या विषाणूचं प्रमाण वाढतंय. त्याच बी.१.६१७ घराण्यातल्या एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'डेल्टा' नाव दिलं. जिल्ह्याजिल्ह्यातून गोळा केलेले स्वॅब मोजक्या लॅबमध्ये वाचले गेले नसते, तर हे कळलंच नसतं.

प्रथिनांच्या बाजूनेही काम झालं. आयआयटी मुंबईच्या गटाने कस्तुरबा रुग्णालयातल्या कोविड रुग्णांच्या रक्तद्रवातली प्रथिनं मोजून, आजार गंभीर होणाऱ्यांमध्ये काय वेगळं दिसतं ते शोधलं.

आणि ताईच्या विषयाशी थेट जोडलेलं उदाहरण म्हणजे हिरडी आणि गालाच्या आतल्या भागाचा कॅन्सर. तंबाखू, मावा, गुटखा यांमुळे तो आपल्याकडे फार आढळतो. कल्याणीची एनआयबीएमजी आणि खारघरचं अ‍ॅक्ट्रेक यांच्या गटाने ५० रुग्णांच्या डीएनएमधला प्रथिनं बनवणारा भाग वाचला आणि सापडलेले बदल आणखी ६० रुग्णांत तपासले. २०१३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. टीपी५३ सारख्या आधी माहीत असलेल्या पाच जनुकांसोबत, या कॅन्सरमध्ये वारंवार बिघडणारी पाच नवी जनुकं त्यात पुढे आली. मशीन कुठेही असो, हे निकाल शेवटी ऑपरेशन थिएटरमधून निघालेल्या तुकड्यांवरच उभे असतात.

आमचे सहा नमुने कसे गेले?

ताईने तीन रुग्णांचे सहा नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये नीट जपले होते. पाठवायच्या दिवशी ड्राय आइस मिळाला नाही. 'एका रात्रीचा तर प्रश्न आहे' म्हणून थर्माकोलच्या बॉक्समध्ये जेल पॅक भरले आणि शुक्रवारी रात्री तिचा ज्युनिअर बसने निघाला. शनिवारी सकाळी मी स्वारगेटला बॉक्स घेतला आणि लॅबच्या गेटवर पोचले. गेट बंद. दुसरा शनिवार होता, आणि आम्ही कुणीच आधी फोन केला नव्हता!

मी बॉक्स घरी नेला आणि फ्रीजच्या वरच्या कप्प्यात ठेवला. मला वाटलं बर्फ जमतो म्हणजे झालं. सोमवारी नमुने जमा केले. आरएनए किती शाबूत आहे ते १ ते १० अशा आकड्यात सांगतात. त्यांना ७ च्या वर हवा होता. आमचे सहाही नमुने ३ च्या खाली निघाले. आरएनए तोडणारी एन्झाइम पेशीतच असतात, आणि तुकडा वितळला की ती कामाला लागतात.

लॅबने पुढे वाचायला नकार दिला. तेव्हा राग आला, आता वाटतं बरं झालं. नाहीतर आम्ही पैसे भरून कचरा डेटा घेतला असता आणि कदाचित त्यावर निष्कर्षही काढला असता.

त्या तिघांपैकी एक मावशी विड्या वळायच्या. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी ताईला विचारलं, "आमच्या गाठीचं काय कळलं का?" ताईने खरं ते सांगितलं, "मावशी, तुमचा नमुना आमच्या हातून खराब झाला." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझं जाऊ दे. दुसऱ्यांचा तरी नीट ठेवा."

त्यांच्या उपचारात काही फरक पडला नाही, कारण हा नमुना संशोधनासाठी होता. पण गाठ एकदा काढली की तो तुकडा परत मिळत नाही. फेरी पुन्हा लावता येते, नमुना पुन्हा मागता येत नाही.

नमुना पाठवायच्या आधी काय तपासावं?

1. प्रश्न आणि संख्या आधी ठरवा. नमुने गोळा करायच्या आधीच लॅबशी आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाशी बोला.
2. परवानगी. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती. नमुना आणि डेटा बाहेर जाणार हे संमतीपत्रात रुग्णाला कळेल अशा मराठीत हवं.
3. योग्य ट्यूब. डीएनएसाठी रक्त सहसा जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये घेतात. हेपरिनमुळे पुढच्या रासायनिक क्रियेत अडथळा येतो.
4. आरएनए असेल तर घाई करा. तुकडा काढल्यावर काही मिनिटांत गोठवा किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात टाका. आमच्या पुढच्या १८ नमुन्यांना या द्रावणानेच वाचवलं.
5. ड्राय आइस जपून. तो सुमारे उणे ७८ अंशांचा असतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो. डबा हवाबंद करू नका, बंद गाडीत शेजारी ठेवून प्रवास करू नका.
6. दिवस मिसळा. सगळे कॅन्सरचे नमुने सोमवारी आणि सगळे निरोगी मंगळवारी चालवले, तर दिसलेला फरक आजाराचा की वाराचा ते कळत नाही.
7. फोन करा. सुट्टी आहे का, नमुना कोण घेणार, किती वाजेपर्यंत.

डेटा आल्यावर काय?

ताईला मिळाल्या त्या 'फास्टक्यू' फाइल. आतून ती साधी टेक्स्ट फाइलच असते. प्रत्येक रीडच्या चार ओळी: नाव, अक्षरं, एक अधिकचं चिन्ह आणि प्रत्येक अक्षराची खात्री सांगणारी खूण. 'क्यू ३०' म्हणजे ते अक्षर चुकीचं असण्याची शक्यता हजारात एक. ताई ती डबल क्लिक करून उघडत होती, म्हणून लॅपटॉप हँग होत होता. मी टर्मिनलमध्ये फक्त पहिल्या काही ओळी दाखवल्या, तेव्हा ती म्हणाली, "एवढंच आहे होय!"

- कॉपी झाल्यावर चेकसम जुळवा. फाइल अर्धवट आली असेल तर लगेच कळतं.
- दोन वेगळ्या ठिकाणी बॅकअप ठेवा. पर्समधली एक डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे.
- फाइलच्या नावात रुग्णाचं नाव नको, फक्त कोड हवा.
- फुकटच्या क्लाउडवर टाकून लिंक ग्रुपवर शेअर करू नका. पासवर्ड लीक झाला तर बदलता येतो. जीनोम बदलता येत नाही, आणि त्यात भावंडांची, मुलांचीही माहिती असते.

देशाचा असा डेटा साठवण्यासाठी फरीदाबादला भारतीय जैविक डेटा केंद्र आहे. २० संस्थांनी मिळून केलेल्या जीनोम इंडिया प्रकल्पातला १० हजार भारतीयांचा डेटा तिथेच ठेवला असून, जानेवारी २०२५ मध्ये तो संशोधकांसाठी खुला झाला.

नेहमी पडणारे प्रश्न

मी स्वतःचा जीनोम इथे वाचून घेऊ शकतो का?
सहसा नाही. या सेवा संशोधनासाठी असतात आणि त्यांचा निकाल म्हणजे निदान नव्हे. आजारासाठी जनुकीय चाचणी हवी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मान्यताप्राप्त निदान लॅबमध्येच करा.

हॉस्पिटलमध्ये जपलेले मेणातले जुने ब्लॉक चालतात का?
काही प्रमाणात. फॉर्मालिनमुळे डीएनएचे तुकडे होतात आणि अक्षरांत खोटे बदल दिसू शकतात. तसा ब्लॉक आहे हे लॅबला आधी सांगा.

कॉम्प्युटरवाल्यांना यात काम आहे का?
भरपूर. मशीन डेटा देतं, अर्थ देत नाही. पायथन किंवा आर आणि लिनक्स येत असेल तर सुरुवात करता येते. जीवशास्त्र मीही ताईकडूनच शिकतेय.

ताईचे १८ नमुने तपासणीत पास झालेत आणि विश्लेषण अजून चालू आहे. तुमच्या ओळखीत कुणी मेडिकल, फार्मसी किंवा बायोटेकला असेल तर हा लेख त्यांना नक्की पाठवा, शक्यतो त्यांनी बॉक्स पॅक करायच्या आधी.